युजरस्पेसमधून (म्हणजे साध्या प्रोग्रामांकडून) कर्नल मॉड्यूलला कॉन्फिगरेशन द्यायची योग्य वाट कोणती?

शून्यसूचक

मॉड्यूल नेटफिल्टरच्या (कर्नलमधली पॅकेट-गाळणी) हुकवर बसतं आणि पत्त्यानुसार पॅकेटांचा दर मर्यादित करतं. कर्नल ६.१, एक्स८६, ६४ बिट. बाहेरून द्यायच्या गोष्टी अशा:

१. हॅश टेबलचा आकार. लोड करताना एकदाच.
२. चालू की बंद.
३. दर, बर्स्ट (एकदम येऊ द्यायची पॅकेटं) आणि खिडकीची लांबी मिलिसेकंदांत. हे तीन आकडे एकदमच बदलले पाहिजेत. नवा दर आणि जुनी खिडकी अशी खिचडी एका पॅकेटलाही चालणार नाही.
४. सूट दिलेल्या आयपीव्ही४ पत्त्यांची यादी. आज ३,००० आहेत, पुढे १०,००० होतील.

सध्या इनिट फंक्शनमध्ये फिल्प_ओपन करून /ईटीसी मधली फाइल वाचली जाते आणि तिथेच पार्स होते. रीबूटनंतर कधीकधी फाइल सापडत नाही. यादी बदलायची तर मॉड्यूल काढून परत घालावं लागतं. सेट_एफएस वापरणारी जुनी उदाहरणं तर कंपाइलच होत नाहीत. प्रॉकएफएस, सिसएफएस (/सिस खालच्या फाइली), आयऑक्टल (डिव्हाइस फाइलीवरची खास कमांड), नेटलिंक (कर्नलशी संदेशांनी बोलणारं सॉकेट), कॉन्फिगएफएस यांतलं काय निवडावं?

(फळ्यावर फक्त देवनागरी चालते म्हणून फंक्शनांची नावं उच्चारानुसार लिहिली आहेत.)

---

कोकणकडा

आधी ती फाइल वाचणं बंद करा. सेट_एफएस एक्स८६ वरून ५.१० मध्येच गेलं, ते परत येणार नाही. कर्नल_रीड वापरून काम होतं, पण मूळ दुखणं तसंच राहतं.

कर्नलने पाथ उघडला की तो त्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसच्या रूटप्रमाणे आणि तिच्या माउंट नेमस्पेसप्रमाणे शोधला जातो. मॉड्यूल इनिटरामएफएसमधून (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती रूट) लोड झालं तर खरी रूट फाइलसिस्टीम अजून माउंटच झालेली नसते, म्हणून ईएनओएनटी (फाइल नाही). तेच मॉड्यूल नंतर हाताने लोड केलं की फाइल सापडते. तुमचं ते "कधीकधी" यातून आलेलं असणार.

दुसरी गोष्ट पार्सरची. युजरस्पेसमध्ये चुकलेला पार्सर स्वतः मरतो, कर्नलमध्ये चुकलेला पार्सर सगळं मशीन घेऊन बसतो. फाइल वाचायची, तपासायची, नावांचे पत्ते करायचे हे काम एखाद्या छोट्या प्रोग्रामचं. कर्नलला तयार, बायनरी, मोजूनमापून केलेली माहिती द्यायची.

अपवाद फर्मवेअरचा. कॅलिब्रेशन टेबलसारखा मोठा ठोकळा हार्डवेअरला पाठवायचा असेल तर रिक्वेस्ट_फर्मवेअर आहे, ते /लिब/फर्मवेअर मधून शोधतं. तुमची गरज ती नाही.

---

खटपट्या

क्रमांक १ साठी मॉड्यूल पॅरामीटर, यात वाद नाही. मॉड्यूल_पॅराम(टेबल_आकार, यूइंट, ०४४४).

परवानगी ०४४४ च ठेवा. बरेच जण सवयीने ०६४४ लिहितात. मग कुणीतरी /सिस/मॉड्यूल/…/पॅरामीटर्स/ मध्ये नवा आकडा लिहितं, वाचल्यावर नवा आकडा दिसतोही, पण टेबल जुन्याच आकाराचं असतं. सरळ सरळ खोटं बोलणारी फाइल. ० दिलं तर सिसएफएसमध्ये फाइलच बनत नाही.

चालू-बंदसाठी मॉड्यूल_पॅराम_सीबी वापरता येईल, म्हणजे किंमत बदलली की तुमचं सेट फंक्शन चालतं. यात एक खड्डा आहे: लोड करताना ओळीवर पॅरामीटर दिला असेल तर ते सेट फंक्शन इनिट फंक्शनच्या आधी चालतं. इनिटमध्ये म्युटेक्स_इनिट करत असाल किंवा तिथे वाटप केलेल्या पॉइंटरला सेटमध्ये हात लावत असाल तर तिथेच उप्स (कर्नलमधला क्रॅश). म्युटेक्स डिफाइन_म्युटेक्सने स्थिर ठेवा आणि पॉइंटर नल आहे का ते पाहा. चाचणीत हे निसटतं, कारण चाचणी करणारा आधी मॉड्यूल घालतो आणि मग एकोने किंमत बदलतो.

कायमची किंमत ठेवायची जागा: /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये "ऑप्शन्स मॉड्यूलनाव टेबल_आकार=१६३८४". तीन गोष्टी लक्षात ठेवा.

- इन्समॉड ही फाइल वाचत नाही, फक्त मॉडप्रोब वाचतं.
- मॉड्यूल इनिटरामएफएसमध्ये असेल तर फाइल बदलल्यावर इमेज नव्याने करावी लागते. डेबियन-उबुंटूवर अपडेट-इनिटरामएफएस -यू, फेडोराकडे ड्रॅकट -एफ.
- पॅरामीटरचं नाव चुकलं तरी मॉड्यूल लोड होतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) "अनोळखी पॅरामीटर, दुर्लक्षित" अशा अर्थाची एक ओळ येते आणि बस. ती पाहिली नाही तर ठरीव किमतीवरच गाडी चालत राहते.

---

शून्यसूचक

मग यादीसुद्धा स्वल्पविराम देऊन चारपी (स्ट्रिंग प्रकारच्या) पॅरामीटरमधून दिली तर? स्ट्रिंग एकच, पार्स करायला सोपी.

---

खटपट्या

चारपीला १,०२४ अक्षरांची मर्यादा आहे. एक पत्ता स्वल्पविरामासह १६ अक्षरांपर्यंत जातो, म्हणजे ६४ पत्ते. विषय संपला.

शिवाय ०६४४ चा चारपी असेल तर लिहिताक्षणी जुनी स्ट्रिंग फ्री होते. त्याच वेळी तुमचा कोड ती वाचत असेल तर मेलेली मेमरी वाचतो. कर्नल_पॅराम_लॉक घ्यावा लागतो, आणि तो म्युटेक्स असल्यामुळे पॅकेटच्या वाटेवर घेता येत नाही.

---

बिटबहाद्दर

सिसएफएसने यादी द्यायचा मोहही टाळा. एका स्टोअरला जास्तीत जास्त एक पान मिळतं, एक्स८६ वर ४,०९६ बाइट. १६ अक्षरांचा पत्ता धरला तर २५६ पत्ते. वाईट भाग असा की त्याहून जास्त लिहिलं तर एरर येत नाही. कर्नल पहिलं पान घेतो आणि "४,०९६ लिहिले" म्हणतो. कॅट किंवा एको उरलेलं पुन्हा लिहितात आणि तुमचं स्टोअर दुसऱ्यांदा बोलावलं जातं. पत्ता मधोमध तुटतो: पहिल्या खेपेच्या शेवटी १०.२०.३०.१, दुसऱ्या खेपेच्या सुरुवातीला ४५. दोन्ही वेळा स्टोअरला वाटतं की पूर्ण यादी आली.

एका फाइलीत एक किंमत हा सिसएफएसचा नियम शोभेचा नाही, त्याला हे कारण आहे.

एकएकट्या आकड्यांसाठी मात्र सिसएफएस छान. तिथल्या बारीक गोष्टी:

- स्टोअरने पूर्ण काउंट परत करायचा. कमी केला तर उरलेला तुकडा परत येतो. ० परत केला तर काही प्रोग्राम तेच अनंतकाळ लिहीत बसतात.
- एस्स्कॅनएफ नको. "१२अबक" मधून ते १२ काढून खूश होतं. केस्ट्रटूयूइंट वापरा. ते शेवटची एक नवी ओळ चालवून घेतं, म्हणून एको -एन ची गरज नाही.
- आधार ० देऊ नका, १० द्या. ० दिला तर ०१० म्हणजे ८ होतो.
- शोमध्ये सिसएफएस_एमिट, ते ५.१० पासून आहे. एसप्रिंटएफ नको.
- फाइली डिव्हाइस नोंदवल्यानंतर हाताने बनवू नका, ॲट्रिब्यूट ग्रुपमधून द्या. नाहीतर युडेव्हला डिव्हाइसची बातमी आधी लागते आणि नियम चालतो तेव्हा फाइल जन्मलेलीच नसते.

---

कोकणकडा

आणि क्रमांक ३ साठी सिसएफएस बादच. तीन फाइली म्हणजे तीन राइट, मधल्या काळात पॅकेट येणारच. तुमची अट मोडली.

---

देवगिरी

एम्बेडेडकडून एक वेगळी सूचना: कॉन्फिगएफएस. सिसएफएसमध्ये वस्तू कर्नल बनवतो आणि तुम्ही बघता. इथे उलटं, युजर एमकेडिर करतो आणि कर्नलमध्ये वस्तू जन्माला येते, आरएमडिर केलं की जाते. २.६.१६ पासून आहे. माउंट होतं /सिस/कर्नल/कॉन्फिग वर.

एकदम लागू करण्याचा प्रश्न तिथे शेवटच्या कळीने सोडवतात. नल_ब्लॉक घ्या: नलबी/ खाली एमकेडिर नलबी५, मग साइझमध्ये मेगाबाइट लिहा, ब्लॉकसाइझ लिहा, मेमरी_बॅक्ड लिहा आणि सगळ्यांत शेवटी पॉवरमध्ये १. तोवर ब्लॉक डिव्हाइस दिसतच नाही. यूएसबी गॅजेटमध्ये हीच जागा यूडीसी फाइलीची. आधी आयडीव्हेंडर, आयडीप्रॉडक्ट, स्ट्रिंग्ज, मग फंक्शन्समधलं एसीएम कॉन्फिग्ज/सी.१ मध्ये एलएन -एस ने जोडायचं, आणि शेवटी यूडीसीमध्ये कंट्रोलरचं नाव लिहायचं. क्रम चुकवून यूडीसी आधी लिहिलं तर कॉन्फिगरेशनच नाही म्हणून नकार मिळतो.

नेटकन्सोलमध्ये एनेबल्ड १ असताना रिमोट_आयपी बदलायला गेलात तर ईइनव्हॅल (अवैध मागणी). आधी ०, मग बदल, मग १. ही शिस्त नक्कल करण्यासारखी आहे. शेलमधून सगळं करता येतं, वेगळं टूल लिहावं लागत नाही.

---

कोकणकडा

वस्तू मोजक्या आणि लांब टिकणाऱ्या असतील तर देवगिरींचं बरोबर. इथे १०,००० पत्ते म्हणजे १०,००० एमकेडिर, प्रत्येकाला डेंट्री आणि आयनोड. आणि नियम बदलताना "बंद करा, बदला, चालू करा" म्हणजे मधल्या काळात मर्यादाच नाही. शून्यसूचक यांना चालता हुक थांबवायचा नाहीये.

---

बिटबहाद्दर

मग आयऑक्टल. एक स्ट्रक्चर, एक सिस्टीम कॉल, सगळं एकदम. मिस्क_रजिस्टर, मिस्क_डायनॅमिक_मायनर, अनलॉक्ड_आयऑक्टल, झालं.

---

शून्यसूचक

आयऑक्टलचा नमुना करून पाहिला:

    स्ट्रक्ट दरनियम {
        __यू३२ दर;
        __यू६४ कमाल;
        __यू१६ झेंडे;
    };

कमांड _आयओडब्ल्यू, मॅजिक अक्षर रोमन लहान के, क्रमांक १. ६४ बिट प्रोग्रामने चालतं. त्याच मशीनवर ३२ बिट कंपाइल केलेल्या प्रोग्रामला ईएनओटीटीवाय (अशी कमांड नाही) मिळतं. ३२ बिट एआरएम बोर्डावर मात्र तोच कोड चालतो. गंमत काय आहे?

---

बिटबहाद्दर

स्ट्रक्चरला भोकं आहेत आणि ती दोन ठिकाणी वेगळी आहेत.

६४ बिटवर __यू६४ आठच्या सीमेवर बसतं: दर ० वर, मग ४ बाइट भोक, कमाल ८ वर, झेंडे १६ वर, शेवटी ६ बाइट भोक. एकूण २४. ३२ बिट एक्स८६ वर __यू६४ चारच्या सीमेवर बसतं: दर ०, कमाल ४, झेंडे १२, शेवटी २ बाइट भोक. एकूण १६.

आयऑक्टलचा क्रमांक ३२ बिटांचा: ८ क्रमांकाला, ८ मॅजिकला, १४ आकाराला, २ दिशेला. आकार क्रमांकातच शिरलेला असल्यामुळे २४ वाली कमांड आणि १६ वाली कमांड हे दोन वेगळे आकडे. तुमच्या स्विचमध्ये दुसरा आकडा नाही, म्हणून ईएनओटीटीवाय. एआरएमचा ईएबीआय __यू६४ आठवरच ठेवतो म्हणून तिथे जमलं. नशीब समजा की आकार वेगळा निघाला. आकार तोच राहून जागा सरकल्या असत्या तर चुकीच्या किमती गुपचूप आत गेल्या असत्या.

दुरुस्ती कॉम्पॅट थर (३२ बिट प्रोग्रामांसाठीचा वेगळा अनुवाद) लिहून करू नका, स्ट्रक्चर नीट मांडा. मोठं आधी:

    स्ट्रक्ट दरनियम {
        __यू६४ कमाल;
        __यू३२ दर;
        __यू१६ झेंडे;
        __यू१६ राखीव;
    };

सगळीकडे १६ बाइट, भोक नाही. पाहोल -सी दरनियम चालवलं की भोकं असतील तर ती छापून येतात. पॉइंटर द्यायचा असेल तर पॉइंटर प्रकार न ठेवता __यू६४ ठेवा आणि आत यू६४_टू_युजर_पीटीआर करा. मग कॉम्पॅट_आयऑक्टलमध्ये नुसतं कॉम्पॅट_पीटीआर_आयऑक्टल लावलं की पुरतं, ते ५.५ पासून आहे. ते मात्र विसरू नका; कॉम्पॅट_आयऑक्टल रिकामं ठेवलंत तर ३२ बिट प्रोग्रामला परत ईएनओटीटीवायच.

भोकांचा दुसरा त्रास परतीच्या वाटेवर. स्टॅकवरचं स्ट्रक्चर भरून कॉपी_टू_युजर केलं की भोकांतला कर्नल स्टॅकचा कचरा बाहेर जातो. मेमसेट करा.

राखीव शून्य नसेल तर ईइनव्हॅल द्याच. आज तपासलं नाही तर जुने प्रोग्राम तिथे कचरा पाठवत राहतील आणि उद्या त्या जागेला अर्थ देता येणार नाही. स्ट्रक्चर पुढे वाढणार असेल तर कॉपी_स्ट्रक्ट_फ्रॉम_युजर आहे, ५.४ पासून. युजरने मोठं स्ट्रक्चर पाठवलं आणि जास्तीची शेपटी शून्य नसेल तर ते ई२बिग देतं.

बाकी: ते के अक्षर स्पायडेव्हचं आहे, ०० ते ०एफ. दुसरं निवडा, कर्नलच्या दस्तऐवजांत आयऑक्टल क्रमांकांचा तक्ता आहे.

---

अर्धविराम

कॉपी_फ्रॉम_युजर एरर परत करत नाही, कॉपी न झालेल्या बाइटांची संख्या परत करतं. ती तशीच रिटर्न केली तर युजरला धन आकडा मिळतो आणि त्याला वाटतं काम झालं. शून्य नसेल तर -ईफॉल्ट. शिवाय ते झोपू शकतं, म्हणून स्पिनलॉक धरून कधीही नाही.

आणि _आयओडब्ल्यू मधली दिशा युजरच्या बाजूने आहे. युजर लिहितो, कर्नल वाचतो. उलटं लिहिलं तरी चालतं, कारण कुणी तपासत नाही, पण एसट्रेस वाचणाऱ्याचं डोकं फिरतं.

---

बिटबहाद्दर

यादीसाठी: स्ट्रक्चरमध्ये संख्या आणि __यू६४ पत्ता. संख्येला आधी कमाल मर्यादा लावा, मग व्हीमेमडप_युजर. गुणाकार अरे_साइझने करा, ओव्हरफ्लो झाला तर तो कमाल आकडा देतो आणि वाटपच फसतं. नुसतं मेमडप_युजर सलग मेमरी मागतं, मोठ्या यादीला फसू शकतं.

एकच गोष्ट युजरकडून दोनदा वाचू नका. पहिल्यांदा संख्या वाचली, तपासली, मग पूर्ण स्ट्रक्चर परत कॉपी केलं आणि त्यातली संख्या वापरली, तर मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडने ती बदललेली असू शकते. एकदा कॉपी, मग फक्त आपल्या प्रतीवर काम.

---

कोकणकडा

हे सगळं खरं, पण नेटवर्कच्या मॉड्यूलला आयऑक्टल म्हणजे उलटा प्रवास. त्या जगात कॉन्फिगरेशनची वाट जेनेरिक नेटलिंकच (थोडक्यात जेनएल). वायरगार्ड ५.६ मध्ये आलं ते याच्यावर, ईथटूलनेही याच आवृत्तीपासून आयऑक्टलच्या जोडीला नेटलिंक धरलं, वायफायचं एनएल८०२११ तर आधीपासूनच. वर बिटबहाद्दरांनी जेवढे खड्डे दाखवले त्यातले अर्धे इथे नाहीतच, कारण स्ट्रक्चरच नाही. प्रत्येक किंमत स्वतःचा प्रकार आणि लांबी घेऊन येते. नवं ॲट्रिब्यूट वाढवलं तरी जुने प्रोग्राम चालतात.

शून्यसूचक यांच्यासाठी मांडणी:

- फॅमिलीचं नाव १५ अक्षरांत, सोळावं शून्याचं.
- कमांड १ पासून, ० अनिर्दिष्ट: नियम_लाव, नियम_सांग, यादी_बदल, यादी_सांग.
- पॉलिसीत (ॲट्रिब्यूट तपासण्याचा तक्ता) दर, बर्स्ट, खिडकी एनएलए_यू३२. खिडकीला एनएलए_पॉलिसी_फुल_रेंज, समजा १० ते ६०,०००. सीमेबाहेरचा आकडा तुमच्या फंक्शनपर्यंत पोचतच नाही.
- बदलणाऱ्या कमांडींना जेनएल_ॲडमिन_पर्म. याने कॅप_नेट_ॲडमिन मागितलं जातं. हा झेंडा विसरलात तर मशीनवरचा कुणीही तुमची मर्यादा बदलेल.
- चूक झाली तर नुसतं ईइनव्हॅल देऊ नका, एनएल_सेट_एरर_मेसेज लावा (४.१२ पासून). "बर्स्ट दरापेक्षा कमी आहे" असं वाक्य थेट युजरच्या हातात जातं, डीमेसेज चाळावा लागत नाही.

तीन आकड्यांची एकजूट नेटलिंक आपोआप देत नाही, ती आत करावी लागते. नियमाचं स्ट्रक्चर आरसीयू (वाचणाऱ्याला न थांबवता प्रत बदलायची कर्नलची पद्धत) पॉइंटरमागे ठेवा. डूइट (कमांड आली की चालणाऱ्या) फंक्शनमध्ये नवं स्ट्रक्चर घ्या, जुनं त्यात उतरवा, आलेली ॲट्रिब्यूट त्यावर चढवा, मग सगळं मिळून तपासा, मग आरसीयू_रिप्लेस_पॉइंटर आणि जुन्याला केफ्री_आरसीयू. हुक आधीच आरसीयूच्या रीड विभागात चालतो. तिथे सुरुवातीला एकदाच आरसीयू_डिरेफरन्स करून तो पॉइंटर शेवटपर्यंत वापरा. दोनदा केलंत तर अर्धं पॅकेट जुन्या नियमाने आणि अर्धं नव्याने.

लिहिणाऱ्यांची रांग जेनएलचं सामायिक कुलूप लावतंच, पॅरलल_ऑप्स चालू केलं नसेल तर. आयऑक्टलमध्ये तसं काही नाही, तिथे म्युटेक्स तुमचा.

---

शून्यसूचक

यादी एका नेस्टेड ॲट्रिब्यूटमध्ये, प्रत्येक पत्ता एनएलए_यू३२, लिबएमएनएल वापरून पाठवली. ३,००० ठीक गेले. १०,००० ची चाचणी घेतली तर मॉड्यूल म्हणतं १,८०८ मिळाले. बफर मोठाच होता.

---

कोकणकडा

ॲट्रिब्यूटची लांबी १६ बिटांची आहे. एक पत्ता म्हणजे ४ बाइट शीर्ष आणि ४ बाइट किंमत, ८. १०,००० चे ८०,००० आणि नेस्टचं स्वतःचं शीर्ष ४. त्यातून ६५,५३६ वजा करा: १४,४६८. शीर्षाचे ४ काढून ८ ने भागलं की १,८०८. आकडा गुंडाळला गेला, लिबएमएनएलने तपासलं नाही. उरलेले पत्ते कर्नलला वरच्या पातळीवरची ॲट्रिब्यूट वाटले.

एका नेस्टमध्ये ८,१९१ च मावतात. दोन पर्याय.

एक, नेस्ट सोडून एकच एनएलए_बायनरी, त्यात ४-४ बाइट सलग. १०,००० चे ४०,००० बाइट, कमाल १६,३८२ पत्ते. लांबी चारने भागली जाते का ते तुम्ही तपासायचं, पॉलिसी ते सांगणार नाही.

दोन, अनेक संदेशांत तुकडे. मग एकजुटीचा प्रश्न परत उभा. वायरगार्ड पहिल्या संदेशात "जुने पीअर काढून टाका" असा झेंडा घालतं आणि पुढच्या संदेशांत तो नसतो; मधल्या काळात यादी अर्धी असते, पण त्यांना ते चालतं. एनएफटेबल्सला (नेटफिल्टरची तयार नियमव्यवस्था, टूलचं नाव एनएफटी) चालत नाही, म्हणून तिथे बॅचची सुरुवात आणि शेवट असे दोन संदेश आहेत आणि शेवट आल्यावरच सगळं लागू होतं. तुमच्या यादीला पहिला पर्याय पुरेसा आहे. सूटच द्यायची आहे, तेव्हा नवी यादी बाजूला बांधून एका फटक्यात पॉइंटर बदला.

---

अर्धविराम

लिबएमएनएलची ठरीव बफर लांबी एक्स८६ वर ४,०९६ च आहे. एमएनएल_ॲट्र_पुट ती ओलांडताना हूं की चूं करत नाही. _चेक वाली फंक्शनं वापरा. आणि संदेशावर एनएलएम_एफ_ॲक लावून उत्तर वाचा. उत्तर एररच्याच प्रकाराचं येतं, आतला आकडा ० असेल तर यश. न वाचता प्रोग्राम संपवला तर नियम लागला की नाही कळायचा मार्ग नाही.

यादी परत वाचायला डंपइट. ते अनेकदा बोलावलं जातं, कुठवर आलात ते कॉलबॅकच्या संदर्भात ठेवा आणि संपल्यावर ० द्या. मधेच यादी बदलली तर उत्तरात एनएलएम_एफ_डंप_इंटर लागेल अशी सोय करा, नाहीतर युजरला दोन याद्यांची मिसळ मिळेल.

काही चालेनासं झालं तर: आयपी लिंक ॲड एनएलमॉन० टाइप एनएलमॉन, लिंक अप करा, टीसीपीडंप लावा. नेटलिंकचा प्रत्येक संदेश दिसतो.

---

देवगिरी

कंटेनरचा विचार कुणी केला नाही. जेनएल फॅमिलीत नेटएनएसओके लावलं नाही तर कंटेनरच्या नेमस्पेसमधून फॅमिली सापडतच नाही. लावलं, तर नियम कुणाचे हे ठरवावं लागतं: जेनएल_इन्फो_नेट वरून नेमस्पेस घ्या आणि नियम परनेट (प्रत्येक नेमस्पेसच्या वेगळ्या) जागेत ठेवा. एकच जागतिक पॉइंटर ठेवून जेनएल_यूएनएस_ॲडमिन_पर्म लावलंत तर कंटेनरातला रूट होस्टची मर्यादा बदलेल. परनेट मांडणी होईपर्यंत नेटएनएसओके लावूच नका.

---

खटपट्या

आगाऊपणाने विचारतो: हे मॉड्यूल हवंच आहे का? एनएफटी सेटमध्ये सूट दिलेले पत्ते, त्याखाली लिमिट रेट ओव्हर, एवढ्याने काम होत असेल तर यादी बदलण्याची अख्खी यंत्रणा फुकटात मिळते.

---

शून्यसूचक

खिडकीचा हिशोब वेगळा आहे, एनएफटीच्या लिमिटमध्ये बसत नाही. मॉड्यूल राहणार. आता ठरलं असं: टेबल_आकार पॅरामीटर ०४४४, नियम आणि यादी जेनएलने, चालू-बंद सिसकंट्रोलने (/प्रॉक/सिस खालच्या कळी), म्हणजे /ईटीसी/सिसकंट्रोल.डी/ मध्ये एक ओळ घातली की बूटला लागू. आकडेमोडीच्या मोजण्या डीबगएफएसमध्ये.

---

बिटबहाद्दर

डीबगएफएस फक्त बघायला ठेवा, कॉन्फिगरेशनला नको. रूटशिवाय उघडत नाही, आणि सिक्युअर बूटचं लॉकडाउन लागलं की त्याचा बराचसा भाग बंद होतो.

---

कोकणकडा

सिसकंट्रोलच्या त्या ओळीत सापळा आहे. बूटमध्ये सिस्टीमडी-सिसकंट्रोल चालतं तेव्हा मॉड्यूल लोड झालेलं नसेल तर ती कळच अस्तित्वात नसते आणि ओळ वाया जाते. कुबर्नेटिस बसवणारे ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स या कळीवर नेहमी इथेच अडकतात, कारण ती बीआर_नेटफिल्टर मॉड्यूलबरोबर जन्मते. मॉड्यूलचं नाव /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी/ मध्ये टाकावं लागतं, ती सेवा सिसकंट्रोलच्या आधी चालते.

त्यापेक्षा चालू-बंदसुद्धा जेनएलचंच एक ॲट्रिब्यूट करा. मग मॉड्यूल_अलायस_जेनएल_फॅमिली अशी एक ओळ मॉड्यूलमध्ये घाला. तुमचं टूल फॅमिलीचं नाव विचारतं त्या क्षणी कर्नल स्वतः मॉडप्रोब बोलावतो. मॉड्यूल लोड करा आणि मग कॉन्फिगरेशन द्या, ही दोन कामं उरतच नाहीत.

---

शून्यसूचक

मग मॉड्यूल्स-लोड.डी मधली ओळ काढून टाकतो आणि एक वनशॉट सेवा लिहितो, ती /ईटीसी मधली फाइल वाचून टूल चालवेल. एकच शंका: अलायस घातला, पण टूल चालवल्यावर अजून फॅमिली सापडत नाही असंच येतंय. इन्समॉड केलं की सापडते.

---

अर्धविराम

मॉड्यूलची फाइल /लिब/मॉड्यूल्स/<आवृत्ती>/एक्स्ट्रा/ मध्ये ठेवून डेपमॉड -ए चालवलं का? अलायस त्या वेळच्या यादीतून शोधला जातो. घरच्या फोल्डरमधल्या .केओ फाइलीचा मॉडप्रोबला पत्ता नसतो.

---

शून्यसूचक

नव्हतं चालवलं. आता लोड होतंय.

---

कोकणकडा

काढतानाचा क्रमही बघून ठेवा: आधी जेनएल_अनरजिस्टर_फॅमिली, मग हुक काढा, मग नियम आणि यादी फ्री. यादीसाठी कॉल_आरसीयूला स्वतःचं फंक्शन दिलं असेल तर एक्झिटच्या शेवटी आरसीयू_बॅरिअर हवाच, नाहीतर मॉड्यूल उतरल्यावर कर्नल त्या फंक्शनच्या रिकाम्या जागेत उडी मारतो.